टेपमधले मल्लिकार्जुनअण्णा

चाहता : हुबळी-धारवाडकडच्या गाणंवेड्या माणसाला १२ सप्टेंबर ही तारीख आठवून द्यावी लागत नाही. १९५२ साली याच दिवशी सवाई गंधर्व गेले आणि १९९२ साली याच दिवशी मल्लिकार्जुन मन्सूर. मधल्या चाळीस वर्षांत गवयाच्या मागे काय उरतं, याचं रूपच पालटून गेलं. सवाई गंधर्व उरले ते तीन-साडेतीन मिनिटांच्या मोजक्या तबकड्यांत, शिष्यांच्या गळ्यांत आणि जुन्या श्रोत्यांच्या बोलण्यात. मन्सूरअण्णा मात्र अख्ख्या मैफलींनी उरले. त्यातल्या कितीतरी मैफली कंपन्यांनी नव्हे, चाहत्यांनी जपल्या. कुणी स्पूलवर घेतल्या, कुणी कॅसेटवर उतरवून दुसऱ्याला दिल्या, आणि त्या हातोहाती फिरत राहिल्या. गवयाचं खरं स्मारक हेच, असं मी मानतो. चौकातला पुतळा, सभागृहाला दिलेलं नाव, दरसालचा पुरस्कार यांनी नाव टिकतं. गाणं टिकतं ते टेपांनी. भास्करबुवा बखले एके काळी याच धारवाडात ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवत होते. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. १९२२ साली बुवा गेले, आणि त्यांचा षड्ज कसा लागायचा हे आज पृथ्वीच्या पाठीवर कुणालाही ऐकता येत नाही. अण्णांच्या बाबतीत असं झालं नाही. ते होऊ न देणाऱ्यांचं ऋण मला फार मोठं वाटतं.

साशंक : तुम्ही भास्करबुवांचं उदाहरण घेतलंत, मी अल्लादिया खाँसाहेबांचं घेतो. १८५५ चा जन्म, १९४६ साली मुंबईत निधन. ध्वनिमुद्रणाचं तंत्र हाताशी असताना चांगली चाळीस वर्षं ते हयात होते, आणि तरीही त्यांचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. तरुणपणी त्यांचा आवाज बसला, आणि त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली, हे सर्वांना ठाऊक आहे. तीच जयपूर-अत्रौली. ती मंजी खाँ आणि भूर्जी खाँ या मुलांकडे गेली, केसरबाई आणि मोगूबाई या शिष्यांकडे गेली, आणि त्या दोन मुलांकडून अण्णांकडे आली. म्हणजे ज्या गाण्यावर तुम्ही जीव टाकता, त्याच्या मूळपुरुषाचा एक सूरही तुमच्या कपाटात नाही. तरी त्या गाण्याचं काही अडलं नाही. टेप नसलेला माणूस जर इतका जिवंत राहू शकतो, तर टेप म्हणजेच स्मारक हे कसं मान्य करायचं? दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ख्याल म्हणजे आधी बांधलेली रचना सादर करणं नव्हे. बंदिशीचा मुखडा, रागाचं चलन आणि तालाचा ठेका एवढंच ठरलेलं असतं. अण्णा तर चीज लगेच उचलायचे. मध्यलयीकडे झुकणारं विलंबित, आणि पहिल्या दोन-तीन आवर्तनांत राग समोर उभा. मग प्रत्येक आवर्तनात एकच प्रश्न : इथून निघालो, आता समेवर कोणत्या वाटेने यायचं? तो प्रश्न ते दर वेळी नव्याने सोडवायचे, आणि श्रोता त्या सोडवण्यात श्वास रोखून सामील असायचा. टेपवर उत्तर उरतं. सोडवणं उरत नाही. दहाव्यांदा ऐकताना तान कुठे वळणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं. अण्णांच्या गाण्याचा प्राण जी अनपेक्षितता, ती तुमच्या प्रेमानेच पुसून टाकलेली असते.

चाहता : दहाव्यांदा ऐकणाऱ्याचं काहीतरी जातं, हे खरं. पण त्याला काहीतरी मिळतंही. पहिल्या ऐकण्यात तान अंगावरून निघून जाते. दहाव्या ऐकण्यात कळतं की ती सुरू झाली तेव्हाच, चार मात्रा आधी, गवयाने मुखड्याची जागा हेरून ठेवली होती. मैफलीत दिपून जाणारा श्रोता टेपवर समजू लागतो. आणि टेप म्हणजे नुसतं उत्तर, असं म्हणताना आपल्याच मुलखातली सर्वांत मोठी गोष्ट तुम्ही विसरता. भीमसेन जोशी गदगचे. दहा-अकरा वर्षांच्या त्या मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे म्हणून घर सोडलं. समोर मैफल नव्हती, खाँसाहेबांचा चेहरा नव्हता. होती फक्त तीन मिनिटांची तबकडी. साऱ्या जगात हे घडलेलं आहे. इंग्लंडमधल्या ब्लूज-रॉकचं उदाहरण घ्या. लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीत १९४६ साली जन्मलेला पीटर ग्रीन आणि त्याच्या पिढीतली बहुतेक मुलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायक-वादकांच्या तबकड्या ऐकून ते संगीत शिकली. ना गुरू, ना घराणं, ना तो समाज, ना ते दुःख. सुई उचलून पुन्हा मागे ठेवायची आणि तीच जागा बोटांनी शोधायची, एवढीच तालीम. १९६७ साली ग्रीनने फ्लीटवुड मॅक हा वाद्यवृंद उभा केला, १९७० साली सोडला, पुढची कितीतरी वर्षं मानसिक आजारात गेली, आणि २०२० साली तो गेला. आज त्याचे चाहते जगभर त्याची आठवण काढतात ती त्या तीन-चार वर्षांतल्या ध्वनिमुद्रणांवर. ती नसती तर ग्रीन हे नावही उरलं नसतं. ध्वनिमुद्रणातून एक अख्खी परंपरा समुद्र ओलांडून रुजू शकते, मग ख्यालालाच एवढं सोवळं का?

साशंक : सोवळं नाही, जात वेगळी आहे. ग्रीनचंच उदाहरण पुढे नेऊ. त्याच्याकडे १९५९ साली बनलेली लेस पॉल गिटार होती. तिच्या एका पिकअपमधलं चुंबक उलटं बसलेलं, म्हणून तिच्यातून एक पोकळ, हुंदक्यासारखा नाद निघायचा. ग्रीनने ती गिटार गॅरी मूर या तरुण वादकाला विकली. मूरने तिच्यावर १९९५ साली ग्रीनला वाहिलेला अख्खा आल्बम वाजवला. आता ती मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. चाहते त्या गिटारीलाच ‘ग्रीनी’ म्हणतात. म्हणजे वादकाच्या मागे त्याचं वाद्य उरतं, दुसऱ्याच्या मांडीवर जातं, आणि तोच नाद पुन्हा निघू शकतो. गवयाचं वाद्य त्याच्याबरोबर मातीत जातं. धारवाडला अण्णांच्या ‘मृत्युंजय’ या घरात तानपुरे पाहायला मिळतील, पण ते त्यांचं वाद्य नव्हे. त्यांचं वाद्य म्हणजे दमसास, आकार, आणि पंचाहत्तरीतही तीन आवर्तनं न तुटता पुढे जाणारी नजर. या गोष्टी हातोहात देता येत नाहीत. तालमीत, वर्षानुवर्षं, तोंडासमोर तोंड ठेवून द्याव्या लागतात. आणि भीमसेनजींची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. तबकडी ऐकून ते ग्वाल्हेरला गेले, कोलकात्याला गेले, जालंधरला पोचले. तिथे विनायकराव पटवर्धनांनी त्यांना सांगितलं की तुझ्या गावाजवळच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. शेवटी पाणी भरण्यापासून सारं करत ते कुंदगोळात सवाई गंधर्वांकडे राहिले, गदगपासून काही तासांच्या वाटेवर. तबकडीने तहान लावली. ती भागवायला कुंदगोळच लागलं. ज्यांना कुंदगोळ मिळालं नाही आणि फक्त तबकडी मिळाली, अशी किती मुलं त्या काळात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आवाजाची नक्कल करत राहिली असतील आणि तिथेच संपली असतील, त्यांचा विचार आपण करत नाही.

चाहता : हे मी मान्य करतो, आणि त्यात अण्णांचा स्वतःचा दाखला तुमच्याच बाजूने जातो, तोही मीच देतो. मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम झालेली, तबकड्या निघालेल्या, नाव होऊ लागलेलं. आणि अशा वेळी हा तरुण मुंबईत मंजी खाँसाहेबांपुढे पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. जेमतेम दीड-दोन वर्षं मिळाली. १९३७ साली मंजी खाँ गेले, मग भूर्जी खाँसाहेबांकडे शिक्षण पुढे सुरू झालं. आपल्या तबकड्या बाजारात असताना ज्याला कळलं की खरं गाणं अजून शिकायचं आहे, त्याला तबकडीची मर्यादा आपण शिकवायला नको. पण आपण दोघे गवयाबद्दलच बोलत राहिलो आहोत. माझा मुद्दा चाहत्याचा आहे. चाहत्याला गायचं नसतं. त्याला ऐकायचं असतं, आणि ऐकणं हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. लच्छासाख, खट, आसा जोगिया, हेम नट, शिवमत भैरव, बहादुरी तोडी : असे राग अण्णा ज्या सहजतेने गायचे, ती सहजता समोरच्या कानांवर अवलंबून होती. बिलावलच्या घरातला राग चालला आहे हे ज्याला कळतं, त्यालाच तो कुठे वळून लच्छासाख झाला हे कळणार. पूर्वी असा कान मैफलींनी घडायचा, गणपतीतल्या गाण्यांनी घडायचा, १९५० साली धारवाडला आकाशवाणी आल्यावर सकाळच्या प्रक्षेपणांनी घडायचा. आज एखाद्या तरुणाला लच्छासाख प्रत्यक्ष ऐकायला मिळण्याचा योग वर्षातून किती वेळा येईल? टेप नसेल तर त्या रागाचं नावसुद्धा त्याच्या कानावर पडणार नाही. आणि ओळखणारा श्रोताच नसेल तर तो राग गाण्याचं धाडस कोणता गवई करील? चाहत्याची आठवण ही गवयासाठी जागा राखून ठेवते. तालमीएवढीच तीही परंपरेचा भाग आहे.

साशंक : तुमचा हा मुद्दा मला सर्वांत जड जातो, कारण तो खरा आहे. पण त्याच्याच पोटात धोका आहे. कान घडतो आणि मग घट्ट होतो. ज्याने लच्छासाख फक्त अण्णांच्या एका टेपवर ऐकला, त्याच्यासाठी तो टेप म्हणजेच लच्छासाख. पुढचा गवई वेगळ्या वाटेने गेला की हा श्रोता मान हलवतो : ‘अण्णांचं असं नव्हतं.’ नसेलही! अल्लादिया खाँसाहेबांचं तरी अण्णांसारखं कुठे होतं? अण्णांच्या मागे बसून गाणारे त्यांचे चिरंजीव राजशेखर मन्सूर २०२२ पर्यंत आपल्यात होते. घराण्याच्या चिजांचा आणि अनवट रागांचा केवढा साठा त्यांच्याकडे होता. पण त्यांच्यासमोर बसलेल्या श्रोत्याच्या कानात वडिलांचा आवाज आधीपासूनच वाजत असणार, हे टळण्यासारखं नव्हतं. पूर्वीही मुलाची तुलना बापाशी होत असे, पण ती आठवणीतल्या बापाशी. आणि आठवण सैल असते, माफ करणारी असते. टेप माफ करत नाही. त्यातही एक गोष्ट चाहत्यांच्या लक्षात येत नाही. अण्णांना दूरदूरच्या श्रोत्यांची मान्यता उशिरा, साठीच्या सुमारास मिळाली. पद्मश्री १९७० ची, पद्मविभूषण १९९२ चं, जाण्याच्या वर्षातलं. त्यामुळे लांब पल्ल्याची ध्वनिमुद्रणं बहुतेक उत्तरायुष्यातली. पंचविशीतले, पस्तिशीतले मन्सूर आपल्याला तीन मिनिटांच्या तुकड्यांपलीकडे माहीतच नाहीत. मंजी खाँसाहेबांची तालीम अंगात ताजी असताना हा माणूस रात्रभर कसा गात असेल? भूर्जी खाँसाहेबांच्या शेवटच्या वर्षांत, १९५० च्या आसपास, त्याच्या गाण्यात कोणतं वळण आलं? ज्याला तुम्ही ‘अण्णांचं गाणं’ म्हणता, ते एका सत्तर वर्षांच्या माणसाचं गाणं आहे. उरलेले मन्सूर टेपने झाकून टाकले. काहीच नसतं तर आपण निदान कल्पना केली असती, जुन्या माणसांना विचारत बसलो असतो.

चाहता : जे नाही त्याबद्दल टेपला दोष कसा देता येईल? पण घट्ट झालेल्या कानाबद्दल तुम्ही बोललात, त्याला माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते चाहत्यांच्याच कपाटातून येतं. कंपनीने काढलेल्या एका तबकडीवर राग ऐकणाऱ्याचा कान घट्ट होतो, हे खरं. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. तेवढ्यात बसेल असं गाऊन घेतलेलं, निवडलेलं, घासूनपुसून ठेवलेलं. पण खासगी टेप एकेकटे नसतात. तोच राग पुण्याचा, तोच मुंबईचा, तोच धारवाडचा, आणि एखादा कुणाच्या तरी घरच्या दिवाणखान्यातला, जिथे मधेच कपबशांचा आवाज येतो. चार टेप शेजारी ठेवून ऐका. बंदिश तीच, ताल तोच, अण्णा तेच. आणि चौघांत एकही आवर्तन सारखं नाही. एके ठिकाणी पंचमावर ज्या वळणाने ते थांबले, तेच वळण दुसरीकडे टाळून पुढे गेले. कुठे तबलजीशी जमलं नाही म्हणून लय वाढवली, कुठे समोर जाणकार दिसला म्हणून अंतऱ्याला उशीर केला. सोडवणं टेपवर उरत नाही असं तुम्ही म्हणालात. एका टेपवर नसेल उरत. चार टेपांच्या मधल्या फरकात ते उरतं. राग म्हणजे एक ठरीव आकृती नसून जाण्याच्या अनेक वाटा आहेत, हे तालमीला न बसलेल्या माणसाला कळण्याचा याहून दुसरा मार्ग मला दिसत नाही. आणि ही चारही ध्वनिमुद्रणं जपली ती कुणी? एक असताना दुसरं कशाला, असा विचार कंपनी करते. चाहता तो करत नाही.

साशंक : फरकात गाणं उरतं, हे मी मानतो. माझ्या आधीच्या बोलण्यातला तेवढा भाग मी मागे घेतो. पण चार टेप शेजारी ठेवून ऐकणारे किती? आजचा ऐकणारा फोनवर रागाचं नाव टाकतो आणि जे आधी वर येतं तेच ऐकतो. जे अधिक ऐकलं जातं तेच पुन्हा वर येतं. चाहत्यांनी विविधता जपली, आणि तिच्यातली एकच आवृत्ती लाखोंपर्यंत पोचली. शिवाय कोणत्या गावांचे टेप जपले गेले, याकडेही पाहा. यंत्र ज्यांच्याकडे होतं त्यांच्या मैफली उरल्या : पुणं, मुंबई, मोठी शहरं, पैसेवाली घरं. धारवाडजवळच्या खेड्यात, मठातल्या उत्सवात ते गायले असतील, तिथे कोण यंत्र घेऊन बसणार? मन्सूर गावच्या शेतकरी घरातला मुलगा, थोरल्या भावाच्या नाटक मंडळीत लहानपणी उभा राहिलेला, शिवशरणांची कन्नड वचनं गाणारा. मराठी चाहता त्यांची आठवण काढतो तेव्हा त्याला जयपूर घराणं आठवतं, अनवट राग आठवतात. वचनं म्हणजे मैफलीच्या शेवटचं काहीतरी. धारवाडच्या कन्नड माणसाला विचाराल तर अण्णा आधी वचनांचे, मग रागांचे. दोन भाषांतले चाहते दोन वेगळ्या माणसांची पुण्यतिथी करतात की काय, अशी मला शंका येते.

चाहता : ती शंका घेण्याइतकं अंतर दोघांत पडलं आहे, हे दुःख मलाही आहे. पण अण्णांच्या आयुष्यात ते अंतर नव्हतं. पहिलं शिक्षण अप्पय्या स्वामींकडे, कर्नाटक संगीताचं. मग मिरज. मग मुंबई आणि कोल्हापूरचं घराणं. शेवटी धारवाड, आकाशवाणी आणि विद्यापीठ. या माणसाने आत्मकथा लिहिली ती कन्नडमध्ये, आणि गाण्यातले दोन्ही मोठे गुरू मिळवले ते कोल्हापूर दरबाराचे गवई असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या घरातले. सवाई गंधर्व हुबळीजवळच्या अमरगोळचे, कन्नड मातृभाषेचे. मराठी रंगभूमीवर नाव काढलं आणि पुण्यात देह ठेवला. अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, आणि विसावले मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात, जिथे उरुसात त्यांच्यासाठी आजही गाणं होतं. मिरज, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी, कुंदगोळ : रेल्वेच्या धाग्यात ओवलेला हा मुलूख आहे. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला शिकायला जायच्या आणि रात्री परतायच्या. सीमा नंतर आल्या. म्हणून मला वाटतं की आठवणीचं हे विभागणं बरं करण्याचं काम टेपच करू शकतो. पुण्याच्या चाहत्याच्या कॅसेटवर शेवटी पाच मिनिटांचं वचन असतं, आणि धारवाडच्या घरातल्या कॅसेटवर वचनांच्या आधी तासभर नटबिहाग. दोघांनी एकमेकांच्या कॅसेटी पूर्ण ऐकायला हव्यात, एवढंच. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या नावाने केवढा महोत्सव उभा राहिला, आणि कुंदगोळात नाडिगेर वाड्यात त्यांच्याच स्मृतीला वाहिलेली मैफल होते. पुण्याच्या मंडपात हजारो माणसं. वाड्यात मात्र ज्या जागेत तालीम झाली तिथेच बसून ऐकणारी. मला दोन्ही हवी आहेत, पण कोणती आठवण गाण्याच्या जवळची, हे विचाराल तर मी क्षणभरही थांबणार नाही.

साशंक : वाड्याचं नाव घेतलंत, तर त्यावरच विचारतो. वाड्यातलं गाणं वाड्यातल्यांसाठी असतं. घरगुती बैठकीत गवई जोखीम घेतो. नवा राग चाचपतो, एखादी जागा फसते, हसून सोडून देतो. घसा बरा नसला तरी मित्राचा आग्रह मोडत नाही. कोपऱ्यात यंत्र चालू असतं, कधी सांगून, कधी न सांगता. तीस वर्षांनी ती फसलेली जागा सगळ्या जगासमोर येते. गवयाला कुणी विचारलं होतं का? केसरबाई केरकर रेडिओपासून दूर राहिल्या, ध्वनिमुद्रणाबाबत अतिशय कडक राहिल्या. त्यांचा आग्रह साधा होता : माझं गाणं कुणी, कुठे आणि कसं ऐकायचं हे मी ठरवीन. नियतीचा योग असा की १९७७ साली, त्यांच्या निधनाच्या काही दिवस आधी, त्यांची भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात निघाली. ते त्यांनी पूर्वी स्वतः दिलेलं ध्वनिमुद्रण होतं, म्हणून माझी तक्रार नाही. पण त्यांच्या मैफलीत लपवून घेतलेला टेप कुणाकडे निघाला, तर तो वाजवण्याचा हक्क चाहत्याला आहे असं तुम्ही म्हणाल? आणि अण्णांच्या शेवटच्या आजाराच्या काळातला, दम अपुरा पडलेला एखादा टेप? प्रेमाने केलेली गोष्ट म्हणून ती आपोआप न्याय्य ठरत नाही. माणूस नाही म्हणायला उरलेला नसताना त्याचा होकार गृहीत धरणं, हे स्मरणातलं सर्वांत मोठं धाडस आहे.

चाहता : इथे मी गप्प होऊ शकत नाही, आणि ठाम उत्तरही देऊ शकत नाही. केसरबाईंच्या बाबतीत त्यांचा नकार स्पष्ट होता. तसा टेप हाती आला तर तो वाजवताना माझा हात थरथरेल. पण वाजवणार नाही असं मी शपथेवर सांगत नाही. कारण त्या नकाराचा मान राखून ज्यांनी यंत्र बंद केलं, त्यांच्या सभ्यतेची किंमत आज आपण सगळे मोजतो आहोत. थकलेल्या आवाजाबद्दल मात्र मला तुमच्याइतकी भीती वाटत नाही. आवाज कमी पडतो तेव्हा विचार उघडा पडतो. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी बसलेल्या आवाजातून उभी राहिली हे तुम्हीच सांगितलंत. दमदार गळा असताना जी वाट सुरांच्या झगमगाटात दिसत नाही, ती वाट गवई थकल्यावर स्पष्ट दिसते : कोणता स्वर सोडला, कोणता सोडणं त्याच्या जिवावर आलं. जाणकाराला असा टेप घराण्याचा पाठ वाटेल. अजाणत्याला मात्र तो म्हातारपणाचा पुरावा वाटेल, हेही मला कळतं.

साशंक : मग प्रश्न टेपचा राहत नाही, ऐकणाऱ्याचा राहतो, आणि तिथेच आपण दोघे अडकलो आहोत. जाणता श्रोता असेल तर प्रत्येक टेप वाजवावा, फसलेला, थकलेला, कपबशांचा आवाज असलेला. तो त्यातून गाणंच काढील. पण जाणता श्रोता टेप ऐकूनच तयार होणार, असंही तुमचं म्हणणं आहे, आणि ते मी नाकारू शकलेलो नाही. मी एवढंच मागेन की टेपबरोबर त्याची हकिकत ठेवा. साल कोणतं, गाव कोणतं, साथीला कोण, समोर कोण बसलं होतं, गवयाला माहीत होतं की नव्हतं. लच्छासाखचे चार टेप असतील तर चारही द्या, एक निवडून देऊ नका. वचनं कापून राग ठेवू नका, राग कापून वचनं ठेवू नका. आणि अण्णांचा लच्छासाख ऐकून झाल्यावर आज तो राग गाऊ पाहणाऱ्या, धारवाडात किंवा कोल्हापुरात तालीम घेणाऱ्या एखाद्या मुलीच्या मैफलीला जाऊन बसा. तिथे ती वेगळ्या वाटेने समेवर आली, तर तुमचा टेप तुम्हाला दाद द्यायला शिकवतो की मान हलवायला, ते तुम्हालाच पाहावं लागेल. मला त्याचं उत्तर अजून माहीत नाही, आणि तुमच्या बोलण्यावरून तुम्हालाही ते माहीत आहे असं वाटत नाही.

चाहता : नाही. पण त्या मैफलीला मी यंत्र घेऊन जाईन. तिला विचारून.